उंबराची हजामत

२ एप्रिल
आजपासून गल्लीतली बाग माझ्या ताब्यात. वटवाघळं आणणार! युनिव्हर्सिटीच्या डॉक्टर नाहिद वीस तारखेला मोजायला येणार. दहा दिसली तर बाग वाचली, नाहीतर तिथे पार्किंग, असं कमिटीत ठरलं. समोरच्या इंजिनीअर मुहसिनला पार्किंगच्या आशेने आत्ताच आनंदाच्या उकळ्या फुटल्यात. फुटू देत. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी.

४ एप्रिल
संत्र्यांच्या खोक्यांची सहा घरं केली. नंबर टाकले. दरवान बिशारा म्हणाला, मास्तर, पत्ताही लिहा, पत्रं येतील. अडाणी माणूस.

९ एप्रिल
घरं रिकामी. घरांत दोष नाही, वटवाघळांना सवय नाही. रोज संध्याकाळी बागेत जाऊन पाहायचं ठरवलं होतं, पण कॅफेत सोंगट्यांचा डाव रंगतो. उद्यापासून नक्की.
बायको ओरडत होती. दोरीवरच्या चादरींवर पुन्हा तपकिरी डाग. चार वर्षं हेच चाललंय म्हणे. वरच्या मजल्यावरची कार्टी, दुसरं कोण!

१५ एप्रिल
शेवटी बागेत गेलो. दुपारी. म्हातारं उंबर म्हणजे नुसता उकिरडा. बाकांवर तसलेच डाग, खाली फळं चघळून टाकलेला चोथा. कार्टी इथेही येतात! डॉक्टरबाई बसणार कुठे?

१८ एप्रिल
बडा पाहुणा यायचा असला की गल्ली कशी सजवतात, हे मला कोणी शिकवू नये. उंबर चारी बाजूंनी छाटलं, बुंध्याला चुना, वर रमजानच्या दिव्यांच्या माळा. बिशारा म्हणाला, हजामत झकास झाली मास्तर, पण वरच्या बिऱ्हाडांना विचारलंत का? मी म्हटलं, कसली बिऱ्हाडं? तो हसत चहा टाकायला गेला.

२० एप्रिल, संध्याकाळी सात
बाई आल्या. बाक लख्ख, चहा, रव्याचा गोड बसबूसा, सगळं जय्यत. वटवाघूळ एक नाही. बाई उंबराकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, मार्चमध्ये इथेच चाळीस मोजली होती, म्हणून तर कमिटीला थांबवलं. कुठे घालवलीत?
मी म्हटलं, दिवे जरा जास्त झाले असतील. तोवर मुहसिन टेप घेऊन जागा मोजायला लागला होता.

२७ एप्रिल
उंबर गेलं. बागेत डांबर पडलं.
बायको जाम खूश. म्हणाली, अहो निहालचे बाबा, दिलात वाटतं एकदाचा त्या कार्ट्यांना दम! आठवडाभर एक डाग नाही, चादरी कशा पांढऱ्याशुभ्र!
हो म्हणालो. मग गॅलरीत चादरीआड उभा राहून रडलो. तिने पाहिलंच. डोळ्यांत चुना गेलाय, असं सांगितलं.