मुंग्या येतात

शहागड
१७ एप्रिल २०२५

श्री. राजानंद यांस,
बेबीनंदाचा सविनय जय भीम वि. वि.

पत्र बघून चकित होऊ नका. तुमच्याशी तोंडानं बोलणार नाही असं मी दोन वर्षांमागं म्हटलं होतं. ते मी पाळलं आहे आणि तुमचा नंबरही अजून ब्लॉकच आहे. पण लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. हे पत्र तातेरावांच्या टेम्पोतून पाठवते. ते एक दिवसाआड एमआयडीसीत माल घेऊन येतात, तुमच्या बियाण्याच्या प्लांटच्या गेटवर देतील.

काम असं की तुम्ही नऊ वर्षांमागं तीन दुकानांचे भाग आणून जोडलेला माझा कॉम्प्युटर धड चालत नाही. लग्नपत्रिका उघडली की वीस-पंचवीस मिनिटांत स्क्रीन निळी होते, इंग्रजीत चार ओळी येतात आणि आपोआप बंद पडून परत सुरू होतो. कधी नुसताच फटकन बंद. पाडव्याच्या वादळात खांब पडला होता, त्यानंतर जास्तच. अंबडच्या दुकानदाराला फोटो पाठवला तर तो म्हणतो, विंडोज सेव्हनला आता कंपनीसुद्धा विचारत नाही, फॉरमॅट मारा आणि नवीन टाका. माझ्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर फक्त सेव्हनवर चालतं, हे त्याला काय माहीत.

आणि फॉरमॅट हा शब्द मी घरात कुणाला काढू देत नाही, का ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आई गेल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही व्हायरस काढायला म्हणून बसलात, मला न विचारता फॉरमॅट मारलात, आणि तिची टेप केलेली सगळी गाणी गेली. आता आत त्यानंतरची माझी दोन वर्षांची डिझाइनं आहेत. बुद्ध पौर्णिमेच्या अकरा लग्नांच्या पत्रिका अंगावर आहेत. पुसू न देता हे कसं दुरुस्त करायचं तेवढं लिहून कळवावं.

आमचे मिथुन ट्रक घेऊन इंदूरकडं गेलेत. मी घरी एकटीच आहे.

कळावे, एवढंच.
बेबीनंदा

जालना
१९ एप्रिल २०२५

चि. बेबी हीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम.

पत्र हातात पडल्यावर आधी वाटलं कुणी वकिलानं नोटीस धाडली. ‘तुम्ही’ काय, ‘श्री.’ काय! लहानपणी माझ्या ताटातली भाकरी पळवणारी तूच ना? असो. शिव्या दिल्या असत्यास तरी मी दोनदा वाचल्या असत्या. तातेराव म्हणत होते की बहिणीनं भावाला पत्र लिहायचं अन् टेम्पोवाल्यानं पोस्टमन व्हायचं, हा कोणता जमाना आलाय बुवा.

फॉरमॅट कुणालाही मारू देऊ नको. मी तर या जन्मात मारणार नाही. सेव्हन सेव्हनच राहू दे, फक्त त्याला नेट लावू नको आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह घालू नको. तो आता राखण नसलेलं शेत आहे, कुणीही घुसावं.

निळी स्क्रीन बहुतेक रॅममुळं येते. मशीन बंद करून प्लग काढ. डब्याची डावी बाजू उघड. हिरवी उभी पट्टी दिसेल, तीच रॅम, दोन्ही टोकांचे कान दाबले की वर येते. तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरव आणि टक आवाज येईपर्यंत परत बसव. पंख्यावरची धूळ जुन्या ब्रशनं काढ. एवढं करून काय होतं ते लिही. घाबरू नको, तो डबा तुला खाणार नाही.

माझ्याकडं सगळं ठीक. गुडघा दुखतो, बाकी प्लांट आणि मी दोघंही खडखड करत चालू आहोत.

लोभ आटला असेल तर खालची खरवड तरी राहू दे.
तुझा दादा,
राजानंद

शहागड
२२ एप्रिल २०२५

दादास,
जय भीम वि. वि.

‘श्री.’ काढला आहे. लगेच हुरळून जाऊ नको.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. खोडरबर शेजारणीच्या पोरीकडून मागून आणलं. दीड दिवस मशीन बिलकुल बिनतक्रार चाललं, दोन पत्रिका छापूनही गेल्या. मला वाटलं, सुटले. काल दुपारपासून परत तेच, आणि आधीपेक्षा वाईट. आता निळी स्क्रीनही येत नाही, नुसता चर्रर आवाज होतो आणि काळोख. एकदा तर वधूचं नाव टाइप करता करता मशीन गेलं. तिच्या घरच्यांना सांगितलं असतं तर अपशकुन म्हणाले असते. आपण तसलं मानत नाही, पण ते नाव मी परत शेवटीच टाइप केलं.

खरं सांगायचं तर मला आता त्या डब्याजवळ जायलाच भीती वाटते. मागच्या बाजूला वायर नीट बसवायला हात घातला की मुंग्या येतात. आधी क्वचित यायच्या, आता रोज. काल तर मी हात झटकून मागंच सरले. अकरांतल्या सात पत्रिका बाकी आहेत आणि मी टेबलापासून दोन हात लांब बसून मशीनकडं बघत राहते, असं चाललंय.

काय करू ते जल्दी कळव. मिथुनना सांगितलं तर ते म्हणतात नवीन घेऊ. त्यांना वाटतं मशीन म्हणजे बैल, एक गेला दुसरा आणला.

राग अजून आहे, पण तब्येतीला जप. गुडघ्याला तीळतेल लाव.
बेबी

जालना
२४ एप्रिल २०२५

चि. बेबी हीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून मी प्लांटच्या गेटवरच हसलो. अगं, मुंग्यांनीच घात केलाय! उन्हाळ्यात त्यांना गारवा आणि आडोसा लागतो, कॉम्प्युटरचा डबा म्हणजे त्यांना फुकटचं घरकुल. आमच्याकडं मागल्या वर्षी एका मोटरच्या स्टार्टरमध्ये वारूळ निघालं होतं, तोही असाच चर्रर करून बंद पडायचा. तुझं टेबल फडताळाला खेटून आहे आणि वर गुळाची बरणी, हे मला चांगलं आठवतं. मंग काय होणार?

उपाय सोपा आहे. बरणी आधी हलव. टेबलाचे चारही लोखंडी पाय एकेका वाटीत ठेव आणि वाट्यांत काठोकाठ पाणी भर, म्हणजे खालून चढायची वाट बंद. आई दुधाच्या कपाटाला करायची तसंच. मग मिठाच्या पाण्यात फडकं पिळून डबा सगळीकडून पुसून घे, मागची बाजू विशेष. खुर्चीवर अवघडून नको, चपला काढून खाली मांडी घालून बस आणि निवांत कोपरे पूस. बोर्डावरचं बटण तेवढं आधी बंद कर. मुंग्या गेल्या की मशीन घड्याळासारखं चालेल, बघ.

मुंग्यांना घाबरून दोन हात लांब बसणारी माझी बहीण! लहानपणी विंचू काडीवर धरायचीस.

पत्रिका छापून झाल्या की एक मलाही पाठव. कुणाचं का लग्न असेना, तुझं अक्षर बघेन.

माया पातळ होऊ देऊ नको.
दादा

जालना
२८ एप्रिल २०२५

बेबी,
जय भीम.

परवा शनिवारी मी तुझ्या घरी आलो, प्लग उपटला, बोर्ड खोलला, पहारीनं अंगणात खड्डा खणला आणि चहासुद्धा न घेता निघून आलो. तुला वाटलं असेल दादाला वेड लागलं. तोंडानं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो.

शनिवारी दुपारी आम्ही डबे खात बसलो होतो. आमच्या प्लांटातला वसंता मांडी घालून बसला होता. उठताना लंगडला आणि म्हणाला की आयला, पायाला पार मुंग्या आल्यात. माझ्या हातातला घास तसाच राहिला. तुझं वाक्य डोळ्यांपुढं आलं. हात घातला की मुंग्या येतात. तू हाताला येणाऱ्या मुंग्यांचं लिहिलं होतंस, आणि मी किड्यांचं वाचलं. तीस वर्षं करंटचं काम करणाऱ्या माणसानं! डबा तुला शॉक देत होता आणि मी तुला मिठाचं पाणी घेऊन अनवाणी त्याच्यापुढं बसायला सांगितलं.

तुला फोन लावला. ब्लॉक. परत लावला, परत लावला, जसा काही सतराव्यांदा तो ऐकणार होता. मिथुनरावांचा फोन घाटात, लागेना. तातेरावांना लावला तर ते म्हणाले की पत्र सकाळीच दिलंय, ताई वाचून हसत होत्या. ते ‘हसत होत्या’ ऐकून मी डबा तसाच टाकला. गेटपास न करता मोटरसायकल काढली. अंबडपर्यंत काय दिसलं ते आठवत नाही. वडीगोद्रीला ट्रकांची रांग लागली होती, मी कडेच्या खडीतून घातली. अख्ख्या रस्त्यात एकच हिशेब चालला होता की तू जेवण करून बसतेस की पुसून जेवतेस.

आता खरी गोष्ट. नऊ वर्षांमागं मशीन जोडलं तेव्हा तुमच्या घरी अर्थिंग नव्हतं. मी बोर्डात अर्थिंगची तार आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, एका तुकड्यानं जोडून दिली. तात्पुरती म्हणून. असा जोड कुणी देऊ नये हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पाडव्याला खांब पडला, लाईन जोडताना दोन तारा उलट्या झाल्या, आणि ज्या तारेत करंट नसायचा तिच्यात आला. माझ्या तुकड्यानं तो सरळ तुझ्या लोखंडी डब्यात उतरला. तोच जोड सैल होऊन ठिणग्या पडत होत्या, म्हणून मशीन बंद पडायचं. बेबी, बटण बंद केलं असतंस तरी उपयोग नव्हता. बटण दुसरीच तार तोडतं, करंट आलेली तार तशीच चालू राहते. कोरडी फरशी आणि पायातली रबरी चप्पल, एवढ्यावर तू महिनाभर जगलीस, आणि मी ते दोन्ही काढून घ्यायला सांगितलं होतं.

आईची गाणी माझ्या हातून गेली, त्याची माफी मी कधी मागितली नाही, कारण चूक मशीनची असं म्हणत राहिलो. ही चूक मशीनची नाही. तुकडा माझ्या खिशात आहे, फेकवत नाही.

माफ कर असं लिहीत नाही. तुझ्या जिवाला सांभाळ, एवढंच मागणं.
राजानंद

शहागड
६ मे २०२५

ती. दादास,
बेबीचा सविनय जय भीम वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर लावला, कारण तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तू आलास तेव्हा वाट्या भरून झाल्या होत्या. चपला दाराशी काढल्या होत्या. फडकं पिळून मी डब्याकडं हात केला आणि तेवढ्यात पाऊण वाजता लाईट गेली. वरचा पंखा थांबला. मी महावितरणच्या नावानं बोटं मोडली आणि म्हटलं, अंधारात मागचे कोपरे दिसायचे न्हाईत, लाईट आली की पुसू. फडकं मांडीवर ठेवून तिथंच बसले होते. तू दोनला दारात आलास आणि माझ्या नावानं असा ओरडलास की शेजारची भांडी पडली. दोन वर्षांत तुझा आवाज पहिल्यांदा ऐकला. तू प्लग उपटलास आणि दहा मिनिटांत पंखा फिरला. त्या पंख्याकडं मी अजून वर बघत नाही.

आता त्या जोडाचं. तू एकट्यानं सगळं खांद्यावर घेतलंस, पण तो तुकडा तू लावत होतास तेव्हा बॅटरी धरून मी उभी होते. तू म्हणाला होतास की पुढच्या रविवारी येऊन अर्थिंगचा खड्डा खणतो. मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी तू आलास तर मी गावभर नवीन मशीनचं कौतुक सांगत फिरत होते. मला खड्डा नको होता, अंगण खराब झालं असतं. नंतर आई आजारी पडली. नंतर तुझ्याशी अबोला धरला. अंगणात खड्डा नाही हे मला रोज दिसत होतं, दादा.

आणि मी तुला फोनवर सांगितलं असतं तर? मुंग्या येतात म्हणताना माझा आवाज ऐकून तू लगेच ओळखलं असतंस. कागदावर आवाज उमटत नाही. गाण्यांवरून रुसून मी माझाच आवाज तुझ्यापासून लपवला आणि जीव घालवायला निघाले होते.

वायरमननं येऊन तारा सरळ केल्या. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून त्यानं सांगितलं तसं रोज तांब्याभर पाणी ओतते. मशीन एकदाही बंद पडलं नाही, सेव्हन आपला निवांत चालू आहे. अकराही पत्रिका गेल्या. एक सोबत पाठवली आहे, वराचं नावही तुझंच आहे, बाकी अक्षर माझं. तरीही डब्याला शिवताना आधी उलटा हात लावून बघते. ती भीती जाईल असं वाटत नाही.

काल संध्याकाळी तुझा नंबर मोकळा केला. तासाभरात तुझा फोन आला, म्हणजे तू रोज लावून बघत असणार. मी उचलला. तू काही बोलला नाहीस, मीही नाही. तुझ्याकडून प्लांटच्या यंत्राची घरघर येत होती. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद झाले आणि मी ठेवून दिला. बोलायची सवय मोडली आहे आपली, आणि तुझा आवाज फुटला असता तर मला सहन झालं नसतं.

हे पत्र मिळेल त्या दिवशी पाच वाजता परत लाव. पहिला शब्द मी बोलते.

तुझी,
बेबी