भिंतीकडची बाजू

३ फेब्रुवारी

गेल्या एकदाच्या! सकाळी वन्सं गाडी घेऊन आल्या आणि आईंना घेऊन गेल्या. एक पिशवी, चष्म्याचं घर, काठी. बस्स.

"थोडे दिवस लेकीकडे राहते," म्हणाल्या. थोडे दिवस कसले! परत यायचं नाही हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

मीच घालवलं त्यांना. इथे तरी खोटं कशाला लिहू? परवा स्वयंपाकघरात यांच्यापुढे माझं तोंड सुटलं— "रोजची गादी ओली! दुलईला तर वास मारतोय. आता सासूला लंगोट बांधू का मी? आणि पोरीला त्यांच्या कुशीत झोपवायचं तरी कसं?" मागे वळते तर आई दारात उभ्या, हातात रिकामा पेला. हळूच म्हणाल्या, "हो गं. माझंच चुकतं. वय झालं." पेला विसळला, पालथा घातला आणि खोलीत गेल्या.

आज निघताना मात्र दारात थांबल्या. "रात्री एकदा ठमीला उठवत जा हं." जाता जाताही सूचना! मी नुसती मान हलवली.

४ फेब्रुवारी

लाँड्रीवाल्याने दुलई बघून हातच जोडले. "पिसांचं काम नको, ताई. घरीच करा. गार पाणी, साबण थोडका. आणि काही झालं तरी पिळू नका."

हे म्हणाले, टाकून दे, नवी आणू. नको. घाण म्हणणारी मी, तर धुणारीही मीच.

५ फेब्रुवारी

दुलई जमिनीवर पसरून आधी डाग चोळले. सगळे एकाच बाजूला— भिंतीकडच्या. आई तर दाराकडे झोपायच्या, गुडघ्यांमुळे उठायला बरं पडतं म्हणून. रात्रीत फिरत असेल दुलई.

मग टबात घालून पायांनी तुडवली. पिवळं पाणी निघालं, तीनदा बदललं. भिजल्यावर काय जड होते ती! म्हैस बसल्यासारखी हलेचना. कंबरेचा काटा ढिला झाला. शेवटी वैतागून एक टोक धरलं आणि दिला पीळ. पिळू नका म्हणून सांगितलेलं असताना! आतल्या पिसांचे गोळेच गोळे झाले.

ठमी बाथरूमच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. एरवी पाणी दिसलं की आधी उडी मारणारी पोर, आज आत पाऊल टाकेना. "आजी माझ्यामुळे गेली?" विचारते. म्हटलं, वेडी का काय तू! आत्याला करमत नव्हतं म्हणून गेली.

आठ वर्षांच्या पोरीशी धडधडीत खोटं बोलले.

६ फेब्रुवारी

वास! ओल्या कोंबडीचा! सगळ्या घरात भरलाय. दुलई गॅलरीत दोन खुर्च्यांवर आडवी टाकलीय. मी बाजूला बसून गोळे फोडतेय. एक मोकळा झाला की शेजारी दुसरा लागतो.

हात कामात असले की डोकं नको तिकडे जातं. ठमीच्या वेळी बाळंत होऊन घरी आले तेव्हा थंडीने कुडकुडत होते. आईंनी स्वतःच्या अंगावरची हीच दुलई काढून माझ्यावर घातली. तेव्हा माझ्या अंगाला काय अत्तराचा वास येत होता? दूध, रक्त, घाम. त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही.

लाज वाटते. खरंच लाज वाटते.

७ फेब्रुवारी

अजून दमट. बोटं सुजली. ठमीही हल्ली रात्री नीट झोपत नाही, सारखी उठून बसते.

८ फेब्रुवारी

वन्संचा फोन. आवाजात धार. "वहिनी, आई इथे आल्यापासून गादी एकदाही ओली नाही हो. एकदाही नाही! तुमच्याकडेच कसं होत होतं?"

फोन ठेवला. म्हणजे म्हातारीला माझी धास्ती होती. मी भांडी आपटायची, कपाळाला आठ्या घालून चादरी उचलायची— त्या धास्तीने रात्री त्यांचा ताबा सुटत असणार. माणसाला इतकं भेदरवून सोडलं मी! आणि वर वासाची तक्रारही मीच करायची.

पुन्हा फोन लावून आईंना द्यायला सांगितला. वन्सं म्हणाल्या, झोपल्यात. सकाळी अकरा वाजता!

९ फेब्रुवारी

वाळली! कोरडी ठणठणीत, फुगलेली, वासाचं नाव नाही. गालाला लावून बघितली. दुलई पोचवायच्या निमित्ताने रविवारी जायचं आणि आईंचे पाय धरायचे, असं ठरवलं. यांनाही सांगितलं. "बघ बाई," एवढंच म्हणाले. पण चेहरा उजळला.

तोवर आज ठमीला पांघरली, कडाक्याची थंडी आहे. तर ही बया नखरे करायला लागली. "मला नको दुलई. चादर दे." इतके दिवस राबले आणि हिला चादर हवी! रागावले, गळ्यापर्यंत घालून दिवा मालवला. दुलईखाली अगदी आखडून पडली होती पोर.

१० फेब्रुवारी

सकाळी दुलई ओली. भिंतीकडची बाजू.

ठमी कोपऱ्यात, फ्रॉक मुठीत धरून, रडायचंही विसरलेली. उठवत जा, म्हणाल्या होत्या आई. मी उठवलं नव्हतं.

जवळ घेतलं तेव्हा कुठे बोलली. "आजी पहाटे माझे कपडे बदलायची. म्हणायची, तू काही सांगू नकोस, आपण माझं नाव सांगू. मी म्हातारी. मला कोण रागावतंय?"