बेसबॉलच्या कार्डांची निगा

एर्लांगेन,
मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय प्रणव,

अनेक आशीर्वाद. ‘बाबा, माझी बेसबॉलची कार्ड ठीक आहे ना?’ हा तुझा संदेश मिळाला. कर्ता अनेकवचनी असल्यास क्रियापदही अनेकवचनी असावे लागते. परंतु दिवसभर जर्मन बोलून तू बापाला मराठीत लिहितोस, हेच पुष्कळ, म्हणून तो विषय येथेच सोडतो. आमची नात केया फ्रँकफर्टच्या एका संघात बेसबॉल खेळू लागली असून, ईस्टरच्या सुटीत हा संग्रह तिच्यासाठी घेऊन जाण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून समाधान वाटले.

शेजारचा अमेरिकन सार्जंट, येथील छावणी रिकामी झाली तेव्हा, खेळाडूंचे फोटो असलेली ती कार्डे तुला देऊन गेला. तू ती रबर लावून बुटांच्या खोक्यात कोंबली होतीस. रबराने कडा दबतात, हे तुला सांगून पाहिले. अखेर मीच ती ताब्यात घेतली. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र पारदर्शक पाकीट, तेही घाम न सुटणाऱ्या प्लॅस्टिकचे. आम्लरहित पुठ्ठ्याचे खोके. त्यात कार्डे उभी, फार घट्ट नाहीत आणि फार सैलही नाहीत. घराखालच्या केलरमध्ये ओल असते, म्हणून खोके आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवले आणि शेजारी आर्द्रतामापक टांगला. कंपनीतली सारी उमर मोजमापांत गेलेल्या माणसाला हे जड नव्हते. हात धुऊन, कोरडे करून, कार्ड केवळ कडांना धरायचे, हा माझा दंडक होता. पोथीजवळ ठेवतात तशी वेखंडाची पुडी तुझ्या आईने त्या खोक्यात ठेवली, तेव्हा मी ती काढायला लावली. ‘तुमच्या प्रयोगशाळेला कसर लागत नसेल, माझ्या घराला लागते,’ असे ती म्हणाली होती. तिचे टोमणेही असे नेटके असत.

आता तिच्याविषयी. मी तिचा कोण, हे तिला उमगत नाही, हे तू दिवाळीत पाहिलेस. त्यानंतरचे मी फोनवर सांगितले नाही, कारण फोनवर माझा आवाज माझे ऐकत नाही. तिने जेवण जवळजवळ सोडले होते. ताट पुढे केले की ती ते हळूच बाजूला सारी आणि म्हणे, ‘आधी मंडळींचं होऊ द्या.’ डॉक्टरांनी ते भ्रमात जमा धरले, मीही धरले. वजन उतरत गेले, तेव्हा पोटात नळी बसवण्याचा विषय निघाला. विचार करून सांगतो, असे म्हणून मी घरी आलो.

त्याच आठवड्यात, दर हिवाळ्यात तपासतो तसे, मी खोके जेवणाच्या टेबलावर उघडले आणि हात धुवायला गेलो. परतलो तो तिने निम्मी कार्डे पाकिटांतून काढून टेबलाच्या दोन्ही बाजूंना ओळीने मांडली होती. ‘या मंडळींना रेनकोट घालून कोणी बसवलं?’ असे तिने मलाच दरडावले. मी कार्डे उचलू लागलो, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. ‘पंगत बसलीय, पानं काय उचलता? भात आणा.’ मी आणला. तिने एकेका खेळाडूपुढे चार शिते वाढली, वरणाचा थेंब सोडला, एका मिशीवाल्याला ‘लाजू नका, सावकाश होऊ द्या’ असा आग्रह केला. गणपतीत आपल्याकडे येना शहरातून आणि येथल्या विद्यापीठातून मुले जेवायला येत, ते तुला आठवत असेल. शेवटचा मुलगा हात धुऊन उठेपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. त्या दुपारी सगळ्यांचे झाले, असे तिने मानले, पदर सावरला आणि माझ्या शेजारी बसून वाटीभर वरणभात खाल्ला. इतके महिने ती भ्रमात बोलत नव्हती, प्रणव. ती पाहुण्यांची वाट पाहत होती.

तेव्हापासून रोज पंगत बसते. पाकिटातले कार्ड तिला चालत नाही, आणि कोरी पुठ्ठ्याची पाने मांडून पाहिली तर ‘ही माणसं नाहीत’ म्हणून तिने ती परत केली. आर्द्रतामापक भिंतीवर आहे. त्याकडे मी पाहत नाही. कार्डांवर हळदीची बोटे उमटली आहेत, कोपरे मऊ पडले आहेत, दोन-तीन कार्डे वरणाने फुगली आहेत. जे कार्ड तू रात्री उशाशी घेऊन झोपायचास, त्याच्यावर ताक सांडले. मला ती वाढपी समजते, आणि भात गार असला तर बोलणीही बसतात. वजन मात्र उतरायचे थांबले असून, नळीचा विषय डॉक्टरांनी तूर्त बाजूला ठेवला आहे.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की, ही कार्डे तुझी आहेत आणि आता केयाची व्हायची आहेत. ती मी सांभाळली, म्हणून माझी झाली नाहीत. तुझ्या संमतीवाचून ती मी खराब होऊ देत आहे. ती संमती मागतो. ईस्टरला ती नेऊ नकोस. उन्हाळ्यापर्यंत त्यांतले नेण्याजोगे काही उरेल, असे मला वाटत नाही, हेही स्पष्ट सांगतो. नकार असेल तर फोन कर. मी वाद घालणार नाही, खोके बांधून ठेवीन. होकार असेल तर केयाला घेऊन ये, पण दुपारी एकच्या आत ये. पंगत बसल्यावर मध्येच आलेला पाहुणा तिला खपत नाही.

तुझाच, आणि सध्या तिचा वाढपी,
बाबा