सोनाजीची झोप

हिंगोली,
ता. १९ नोव्हेंबर १९७५

ती. दादांना,
चांगुणाचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही एकच गोष्ट दोनदा विचारली आहे, आणि दोन्ही वेळा पेन्सिल इतकी दाबून लिहिलंय की अक्षर कागदाच्या मागून उमटलंय. ज्या घरात दीक्षा घेतल्यापासून दारूचा थेंब आला नाही, त्या घरातलं पोरगं, आपला सोनाजी, नशेला काहून लागलं? दादा, आपल्या घरात मी पहिली बी.ए. झाले, लेक शिकली म्हणून तुम्ही रेल्वेच्या गँगमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. पण याचं उत्तर त्या बी.ए.त नव्हतं.

बाकी इकडे बरं आहे. जवळा बाजारच्या माझ्या शाळेनं रजा वाढवून दिली. इथल्या दवाखान्यातल्या नर्स आशाबाईंच्या खोलीत राहते, त्या भाडं घेत नाहीत म्हणून त्यांच्या मुलीची शिकवणी घेते. गावाकडे कापूस वेचणीला आला, आई रोज जाते. तिचा खोकला कमी आहे. तुम्ही पाठवलेलं धोतर सोनाजीला लांब झालं. अंगात काही राहिलंच नाही त्याच्या.

तुम्ही लिहिता की बाजारातल्या पोरांनी त्याला बिघडवलं, आणि तो घरी आला की तुम्ही रेल्वेची रजा काढून त्याला रोज विहारात बसवाल, पंचशील म्हणवून घ्याल. त्यानं ते आधीच केलंय. पोळ्यानंतर महिनाभर तो रोज पहाटे आंघोळ करून विहारात जायचा. नशेपासून दूर राहायचं पाचवं शील त्याला तोंडपाठ आहे. परत येताना त्याच्या नाकातून पाणी गळत असे, जांभयांवर जांभया येत, पोटात मुरडा पडे, आणि तो भिंतीला गुडघे लावून पडे. नीतीनं वागायची इच्छा त्याला नव्हती असं नाही. अंगच ऐकत नव्हतं.

बाजारातल्या वैदूची मुळीही देऊन झाली. मामानं निरोप पाठवला की लग्न लावून द्या, बायको आली की सुधारेल. मी मामाला कळवलं की सोनाजी सोळा वर्षांचा आहे आणि त्यानं बघितलेली पोरगी चौदाची. मामा अजून माझ्यावर नाराज आहे. शिकली म्हणून आता मोठ्यांना शिकवती, असं तो सगळ्यांना सांगत फिरतो.

म्हणून दसऱ्यानंतर मी सोनाजीला इथल्या सरकारी दवाखान्यात आणला. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की हा रोग आहे, याला शिक्षा नाही, उपचार असतो. एकदम बंद केलं तर फार हाल होतात, म्हणून ते औषधाचे थेंब पाण्यातून देत आणि दर दोन दिवसांनी कमी करत. सुरुवातीला सोनाजी मला शिव्या देई, मग माफी मागे, मग परत शिव्या. हळूहळू थेंब बंद झाले. तो भाकर मागून खाऊ लागला.

शेजारच्या खाटेवर अमृतराव नावाचे ट्रक ड्रायव्हर होते, दारूनं कावीळ झालेले. फार बोलायचे. सोनाजी कांबळ्यात तोंड घालून पडला की म्हणायचे, “सोनाजीराव, घुंगट काढा. पाव्हणे पसंत करायला आलेत.” सोनाजी हसायचा. दादा, त्याचं हसणं मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, झालं. आता हा शाळेत जाईल, मॅट्रिक होईल. मी तर त्याच्यासाठी गणिताचं पुस्तकही आणलं.

मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की त्याला ताप आला होता, आता उतरला. ताप नव्हता आला.

आता जे लिहिते ते एकट्यानं वाचा. गँगमधल्या कोणाकडून वाचून घेऊ नका. एखादा शब्द लागला नाही तर सोडून द्या, पण कोणाला विचारू नका. आणि वाचून झाल्यावर आईला दोष देऊ नका, ही माझी पहिली विनंती.

बाजारच्या दिवशी आई त्याला भेटायला आली. गाठोड्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मी औषध आणायला गेले होते. परत आले तेव्हा सोनाजी झोपला होता आणि आई त्याच्या पायांवरून हात फिरवत बसली होती. इतकी समाधानी मी तिला कधी पाहिली नव्हती. मला हळूच म्हणाली, “पाह्य, कसं निवांत झोपलं माझं लेकरू. तुमी लोकं नुसते सुया टोचून राहिले.” दुपारची गाडी गाठायची म्हणून ती उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि गेली.

ती गेल्यावर अमृतरावच म्हणाले, बाई, याचे ओठ बघा. ओठ निळे पडले होते. श्वास इतका लांबून येत होता की मला वाटलं, आता येणारच नाही. मी त्याला हलवलं, गालावर मारलं, हाका मारल्या. डॉक्टर धावत आले. इंजेक्शन, नाकाला नळी, छातीवर दाब. मी बाजूला भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या हातात त्याच्या ताटातला उरलेला गुळाचा खडा होता. डॉक्टरांनी तो घेऊन फोडला, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं.

अफू होती.

दादा, तुम्हाला हे वाचून धक्का बसेल, पण मनात शोधलं तर फार बसणार नाही. आपल्याकडे कोणती आई लेकराला ती देत नाही? रानात जाताना जिभेला मोहरीएवढी लावायची, झोळी झाडाला बांधायची, आणि दिवसभर लेकरू झोपून राहतं. निजामाच्या काळी तर दुकानातच मिळायची, आजी सांगायची. मलाही दिली असेल आईनं, सोनाजीलाही. माझी सुटली, कारण मी चालायला लागले आणि ती बंद झाली. सोनाजीचीही सुटली होती.

दुष्काळात मी औरंगाबादला वसतिगृहात होते आणि तुम्ही पूर्णेला. आई आणि सोनाजी शिरड शहापूरच्या रस्त्यावर खडी फोडायला जात. तिथं हातोडी त्याच्या बोटावर बसली. बोट ठणकायचं, रात्रभर कण्हायचा, आणि सकाळी कामावर गेला नाही तर खाडा. आईनं त्याला गुळात घालून दिली. त्याला झोप लागली. सकाळी तो उठून कामावर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. बोट बरं झालं, तरी तो मागायला लागला, आणि न दिल्यावर जे हाल होत ते तिला बघवत नसत. ती त्याला रोज देत राहिली. जेवढी मागेल तेवढी. बाजारच्या पोरांनी त्याला बिघडवलं नाही. आईनं तर मुळीच नाही. पण दिली तिनं.

हे मला सोनाजीनंच सांगितलं, शुद्धीवर आल्यावर. मी विचारलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, “आईचं नाव घेतलं असतं तर दादानं तिला घराबाहीर काढलं असतं. तू बी लई शिकलेली. तू बी काढलं असतं.”

मी चिडून आईकडे गेले, हे खरं आहे. पहिल्या गाडीनं गेले. ती रानात होती, ओच्यात कापूस. तो मरणाच्या दारातून आला हे तिला सांगायचं असं ठरवून गेले होते, आणि तिच्या समोर गेल्यावर ते सांगता आलं नाही. फक्त विचारलं, आपण पंचशील म्हणतो ना गं, मग हे का दिलंस? ती खरोखर गोंधळली. म्हणाली, “ती काय दारू हाय का? दारूला म्या कवा हात लावला? ते तर औषध हाय, चांगुणा. तुमाला दोघांनाबी त्याच्यावरच वाढवलं म्या.” मग ओच्यातला कापूस सारखा करत म्हणाली, “तो रडून राहिला होता. मी आई हाय, का दगड हाय?”

दादा, माझ्याजवळ शाळेत सांगायचं व्यसनमुक्तीचं भाषण आहे. दोन ऑक्टोबरला मी ते मुलांपुढे केलं, हेडमास्तरांनी शाबासकी दिली. त्या रानात त्यातलं एकही वाक्य मला उपयोगी पडलं नाही.

डॉक्टरांनी मला समजावलं. अंगाची सवय उतरली होती. पूर्वी जेवढी त्याला पचायची तेवढीच आता विष झाली. म्हणजे तो जसजसा बरा होईल, तसतसा आईच्या हातचा तोच खडा जास्त मारक ठरेल. आणि ती पुन्हा देणार. तिला कितीही सांगितलं तरी. तो एकदा रडला की देणार. ते म्हणाले, दोन मार्ग आहेत. एक, इथंच ठेवायचा आणि दाराशी पहारा करायचा, पण हा दवाखाना उघडा आहे, कोणीही येतं जातं. दुसरा, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, ते अशा रोग्यांना ठेवून घेतात, काम शिकवतात, महिनोन्‌महिने लागतात. गावात त्याला वेड्यांचा दवाखाना म्हणतील. मी विचारलं, पुरता बरा होईल? ते म्हणाले, काही जण होतात.

अमृतरावांनी घरी जायच्या दिवशी सोनाजीच्या खाटेपाशी बसून सांगितलं, “मी पेतो तर मला बायको शिव्या देती, पोरं हाकलतात. तुला तर मायेनं ताटात वाढून राहिले. तुझं लई अवघड हाय गड्या.” पहिल्यांदाच ते थट्टा करत नव्हते.

तुम्ही लिहिलंय, रविवारी आईला घेऊन मी हिंगोलीला येतो, लेकराला घरी नेऊ. आईनं लाडू केलेत. दादा, येऊ नका. खाट रिकामी आहे.

परवा मी त्याला औरंगाबादला नेऊन सोडलं. तुम्हाला न विचारता, आईला न कळवता. तिथल्या डॉक्टरांना सांगून आले की ते कळवतील तोपर्यंत आईला भेटू देऊ नका, तुम्हालाही नाही, तुमच्यासोबत ती येईल म्हणून. गाडीत सोनाजीनं विचारलं, रविवारी आई येईल ना? मी म्हटलं, येणार होती, मीच नको म्हटलं. आई विसरली असं त्याला वाटू नये म्हणून. राग धरायचाच असेल तर माझा धर, असंही म्हटलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला.

पूर्णेला गाडी बदलायची होती. आम्ही पुलावरून पलीकडे जात होतो, आणि खाली रुळावर तुमची गँग गिट्टी भरत होती. तुम्ही पाठमोरे होता. त्यानं तुम्हाला चालण्यावरून ओळखलं. कठड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, “अक्का, दादाला हाक मारू?”

तुम्ही वर पाहिलं असतं, त्याचं तोंड पाहिलं असतं, फावडं टाकून धावत आला असता आणि त्याला घरी घेऊन गेला असता. मला तुम्ही माहीत आहात. मी म्हटलं, नको.

त्याला माझं ऐकायची गरज नव्हती. मी त्याचा हातही धरला नव्हता. तो नुसता बघत राहिला. तुम्ही घाम पुसायला कंबर सरळ केली, परत वाकलात. मग त्यानंच माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला.

आईला सांगा की औरंगाबादचे नियमच तसे आहेत, किंवा सांगा की चांगुणानं अडवलं. यातलं दुसरंच सांगा. तिला कोणावर तरी रागावता आलं पाहिजे. पण त्या दुपारी काय झालं ते मात्र तिला कधीच सांगू नका. तो निवांत झोपला होता, एवढंच तिच्याजवळ राहू द्या.

पुलावर तुमच्या डोक्यावरून गेलेली, तुमची लेक,
चांगुणा