कोट का रखडला, याचा खुलासा

आदरणीय भाऊजींना एका हाताचा नमस्कार (दुसरा अजून खांद्याच्या वर जात नाही, कारण खाली येतंच आहे). तुमची तब्येत ठणठणीत असणार, नाही म्हणायची आमच्यात कुणाची छाती आहे? ताईचे गुडघे काय म्हणतात?

कोटाबद्दलचे तुमचे सगळे निरोप पोचले. शेवटच्यात तुम्ही मला चालढकल्या म्हणालात. हेडमास्तरकी सुटली तरी छडी सुटली नाही, हे बघून बरं वाटलं. तर झालं असं, की माझ्या उजव्या दंडावरचा तीळ (आमच्या हिला तो लग्नात फार आवडला होता) गेल्या वर्षात पसरला, काळानिळा झाला आणि बाहीला घासून रक्ताळू लागला. मला वाटलं, शिवण टोचतेय. बाही उसवून पुन्हा शिवली. मग पुन्हा उसवली. (शिंपी माणूस, दुसरं काय करणार?) शेवटी हिने दंडाला धरून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तीळ कापून तपासायला पाठवला आणि उत्तर आलं, कातडीचा कॅन्सर. माझी पाचावर धारण बसली.

तीळ निघाला, पण रोग काखेतल्या गाठींपर्यंत (त्या सगळ्यांनाच असतात म्हणे) गेलाय का हे बघायला त्यातली एखाददुसरी काढावी लागते, आणि त्यानंतर कधीकधी हात कायमचा सुजतो. उजवा हात, भाऊजी! कात्रीचा! सुजलेला अंगठा कात्रीच्या कडीत शिरायचा कसा? खोटं कशाला सांगू, बाईंसमोरच रडलो. त्या म्हणाल्या, थांबा, आधी जीनची चाचणी करू. मी ताठ मानेने सांगितलं की मी कोटवाला, जीन कधी शिवली नाही आणि शिवणारही नाही. (बाहेर बसलेल्या हिने तर एवढंच ऐकलं आणि घरी येऊन थोरल्याची जीन पँट धुऊन, इस्त्री करून पिशवीत भरलीसुद्धा.)

बाई हसल्या नाहीत. तिथेच मी त्यांना मानलं. त्यांनी सरळ माझ्याच टेबलाची भाषा धरली. म्हणाल्या, शरीरात काय कसं बेतायचं याच्या बारीक सूचना पेशीपेशीत असतात, त्या म्हणजे जीन. कापलेल्या तिळातल्या त्या सूचना वाचायच्या, तो किती खोल गेला होता तेही बघायचं, मग हा पसरणाऱ्यातला की गप्प बसणाऱ्यातला याचा अंदाज येतो. अंदाज, हमी नाही, हेही स्वच्छ सांगितलं. म्हणजे कापायच्या आधी माप! अहो, मी जन्मभर कारागिरांवर हेच ओरडत आलो, आणि इथे ही बाई हातातली सुरी खाली ठेवून माप घेत होती. डोळ्यांना न दिसणारं वाचतात हो ही माणसं! आणि एवढं वाचून वर तोरा नाही. निकाल येईपर्यंत मला कात्री धरवेना, म्हणून तुमचा कोट तसाच पडून राहिला.

निकाल आला, धोका कमी. गाठींना हात लावायचा नाही, फक्त दर काही महिन्यांनी दाखवून यायचं. जीव भांड्यात पडला. बाईंच्या पांढऱ्या कोटाचा खिसा उसवला होता, तो तिथल्या तिथे शिवून दिला, राहवेचना. त्यांनी माझ्या दंडावर घातलेले टाके मी भिंग लावून तपासलेत. बारीक, एकसारखे. दुकानात नोकरीला ठेवावं असे.

ताईला नमस्कार.

तुमचा चालढकल्या मेव्हणा

ता. क. कोट तयार आहे, पण दुकानातून हलणार नाही. माप देताना तुम्ही मानेला टेप टेकताच दचकलात आणि कॉलर दोन बोटं उंच ठेव म्हणालात. तेव्हा मला अक्कल नव्हती, आता आली आहे. मानेवरचा तो तीळ आधी बाईंना दाखवा, मग कोट न्या. मी बरोबर येतो.

आणखी ता. क. कॉलर मी उंच केलेली नाही. तीळ दिसणार, ताईलासुद्धा. चिडा, छडी काढा, काय वाट्टेल ते म्हणा. मला मोठा भाऊ एकच मिळाला, तोही ताईच्या लग्नात. त्याचं माप मला अजून खूप वर्षं घ्यायचं आहे.