रिसीव्हरवर दिसलेलं विमान

प्रिय कल्याणी,

नारायण पेठेतून बिबवेवाडीला पत्र धाडणारी या शहरातली मी शेवटचीच बाई असेन. रिक्षेने जाण्याइतकं अंतर, तेही रिक्षावाल्याच्या मनात आलं तर. फोनही आहे. परवा मी तुझ्या दारापर्यंत आलेही होते. बाहेर सूरजच्या आईच्या, सत्यशीलाताईंच्या, चपला दिसल्या. आतून त्यांचा आवाज येत होता, तुला आणखी एक भाकरी घेण्याचा आग्रह चालला होता. मी बेल न वाजवता जिना उतरले. समोर बसून सांगायचं धैर्य माझ्यात नाही, म्हणून हे लिहिते आहे. रागावलीस तरी चालेल.

अपघाताच्या त्या सकाळपासून तुझं म्हणणं एकच आहे. दुसरं विमान आडवं आलं, म्हणून तू आपल्या विमानाचं नाक खाली घातलंस. उतरण्यासाठीचं शेवटचं वळण, खाली दाट धुरकं, शेजारी शिकाऊ सूरज, आणि सावरायला उंचीच उरली नव्हती. धावपट्टीच्या अलीकडच्या ज्वारीत विमान आपटलं. तुझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते जुळलं. सूरजचे पाय मात्र गेले ते गेलेच. टॉवरवाले म्हणाले, आकाशात दुसरं कोणी नव्हतं. मग आपल्या फ्लाइंग क्लबात कुजबुज सुरू झाली, बाई घाबरली, हिला भास झाला. आपल्याकडे कुजबुजसुद्धा ऐकू जाईल अशाच बेताने करतात. दवाखान्यात तू माझा हात धरून म्हणालीस, “विमान होतं, अपेक्षा. तू शोधून दे.” क्लबच्या विमानांतली रेडिओची यंत्रं सांभाळणं हे माझं काम, आणि तू शाळेपासूनची माझी. मी हो म्हटलं.

मोडक्या सांगाड्यातून मी रिसीव्हर काढला. तुला हे पाठ आहे, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. विमानातला ट्रान्सपॉन्डर सतत ओरडत असतो, मी अमुक क्रमांकाचा, अमुक उंचीवर, अमुक ठिकाणी. रिसीव्हर आसपासच्या विमानांचं हे ओरडणं ऐकतो आणि पडद्यावर त्यांची जागा दाखवतो. आपल्या विमानाचा क्रमांक तेवढा तो वगळतो. आता त्याची स्मृती उघडली, तर खरंच होतं! तुझ्याच उंचीवर, तुला चिकटून, एक विमान. मी वर्कशॉपमधूनच तुला फोन केला. तू किती रडलीस. त्याच संध्याकाळी सत्यशीलाताईंनी तुझ्या तोंडावरून हात फिरवला होता ना, “पोरी, माझं लेकरू तुझ्यामुळं जिवंत आहे.” हे तूच मला सांगितलंस, आणि त्या दिवशी बऱ्याच काळाने पोटभर जेवलीस. मी घरी जाताना उगाचच गजरा घेतला. आता तो आठवला की स्वतःचीच चीड येते.

कारण मग मी त्या विमानाचा शोध घेतला. पळून गेलेला वैमानिक सापडला की त्याला सोडायचं नाही, असं दात-ओठ खात ठरवलं होतं. स्मृतीत क्रमांक होताच. नोंदीत तो काढला आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. विमान आपल्याच क्लबचं निघालं. हँगरमागे गवतात उभं असलेलं, इंजिन काढून घेतलेलं, साळुंक्यांनी घरटं केलेलं ते जुनं विमान. मी उन्हात जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. आत डोकावले, तर ट्रान्सपॉन्डरच्या जागी नुसतं भोक होतं.

जयसिंगकाका वर्कशॉपचे प्रमुख. त्यांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, “तुझ्या मैत्रिणीच्या विमानातला बिघडला होता. याचा चालत होता, म्हणून लावला. आजवर असंच करत आलोय.” एकाचं काढायचं, दुसऱ्याला लावायचं, आपली नेहमीची पद्धत. ट्रान्सपॉन्डरचा डबा बदलला, पण त्याच्या पोटातला क्रमांक जुन्या विमानाचाच राहिला, म्हणून रिसीव्हरने तुझंच विमान परकं समजून पडद्यावर दाखवलं. आणि तो बसवल्यानंतरचं तुझं ते पहिलंच उड्डाण होतं. अनोळखी नंबरावरून आपणच आपल्याला फोन करावा, तसं झालं.

तरी मी मानायला तयार नव्हते. तोच डबा आणि तोच रिसीव्हर दुसऱ्या विमानात बसवून ते मोकळ्या मैदानात उभं केलं. अँटेना बदलली, तारा बदलल्या. आयुष्यात प्रथमच माझं निदान चुकावं म्हणून देवाला हात जोडले. ट्रान्सपॉन्डर चालू केला की पडद्यावर दुसरं विमान उमटायचं, बंद केला की जायचं. धुरक्यात डावीकडे काळा पंख दिसला, असं तू म्हणतेस. पडद्यावर विमान दिसल्यावर डोळ्यांनाही ते दिसत असेल बहुधा.

तू घाबरट नव्हतीस, कल्याणी, आणि खोटीही नव्हतीस. यंत्राने सांगितलं त्यावर कोणीही विश्वास ठेवला असता, असं मी अहवालात लिहिलं आहे. तो फाडून टाकावा, असंही मनात आलं. पण क्लबच्या आणखी एका विमानात असाच काढून लावलेला डबा आहे आणि त्यात पोरं शिकताहेत. म्हणून सोमवारी तो चौकशीत वाचला जाईल. सत्यशीलाताई तिथे असतील, सूरजलाही चाकांच्या खुर्चीतून आणणार आहेत. तुझ्यामुळे जीव वाचला, या एका गोष्टीवर तो पोरगा तग धरून आहे, आणि तूही. तू सरळ उडत राहिली असतीस, तर काहीच झालं नसतं. हे त्याने परक्या माणसाच्या तोंडून ऐकू नये. त्याला तू सांगशील, की मी सांगू, एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं.

तुझीच,
अपेक्षा