इंजिनातला टीव्ही

आदिलाबाद, ३ फेब्रुवारी १९९१

आजपासून डायरी. मासिकात वाचलं, परदेशात शहराजवळच्या लोकल गाड्यांना गार्डच नसतो. प्लॅटफॉर्मवर कॅमेरे, ड्रायव्हरसमोर टीव्ही. दारं, माणसं, सगळं त्याला बसल्या जागी दिसतं. आपल्या पॅसेंजर गाडीला हे आणायचंच. संकल्प: महिन्याभरात स्कीम. पान खाणं बंद.

५ फेब्रुवारी

विनोदिनीला स्कीम समजावली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "गार्डच नसला तं तुमी काय करसान?" बायकोला टेक्निकल गोष्टी सांगू नयेत. या गाडीचा गार्ड मीच, हे खरं. पण स्कीम काढणाऱ्याला कोणी घरी बसवत नाही. त्याला इन्स्पेक्टर करतात.

९ फेब्रुवारी

कॅमेरा मिळाला. लग्नांची शूटिंग करणारा नागनाथ टीव्हीसकट तयार. ड्रायव्हर नरसिंगराव नाराज. म्हणाले, इंजिनात कोळशाला जागा पुरत नाही, त्यात टीव्ही कुठं ठेवू. प्रगतीला असे लोक आडवे येतातच. पान उद्यापासून बंद.

१५ फेब्रुवारी

मोठे साहेब सोमवारी इन्स्पेक्शनला येणार. स्टेशन मास्तर उद्धवरावांनी ट्रायलला परवानगी दिली, पण गाडी उभी असेपर्यंतच. पुरे. फोटोसाठी नवा बुशशर्ट शिवायला टाकला.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी

ट्रायल एकंदरीत यशस्वी.

शेवटच्या डब्याजवळ कॅमेरा, तिथून इंजिनापर्यंत वायर. चित्र स्वच्छ. किरकोळ अडचणी आल्या. लोक डब्यात चढायचं सोडून कॅमेऱ्यापुढं उभे. नागोराव पाटील फेटा नीट करून दोनदा आले. जयवंताबाई लेकीला सासरी धाडायला आल्या होत्या. मायलेकी गळ्यात पडून रडू लागल्या. नागनाथ सवयीनं दारं सोडून त्यांच्या डोळ्यांवर गेला आणि तिथंच राहिला. इंजिनात नरसिंगराव डोळे पुसत होते. शेजारी साहेबही बघत होते. माझी शिट्टी कोणी ऐकली नाही. गाडी लेट.

साहेबांनी हिंदीत विचारलं, यात दारं कुठं आहेत? मी सांगितलं, ती कॅमेरामनची चूक. स्कीम पक्की आहे. कॅमेरा असला की गाडीला गार्डची गरज नाही.

साहेबांनी हे वाक्य लिहून घेतलं. माझं वाक्य साहेबानं लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ. आनंदात दोन पानं खाल्ली.

२५ मार्च

उद्धवरावांनी बोलावलं. आधी चहा पाजला. तेव्हाच प्रमोशनचा अंदाज आला.

म्हणाले, साहेबांचा फोन होता. कॅमेऱ्याला पैसा नाही. गाडीला गार्ड लागतोच, असं वर ठरलं. पण ज्या गार्डला आपली गरजच वाटत नाही, त्याला गाडीवर ठेवू नये, असंही ठरलं.

"सुधाकरराव, मनाला लावून घेऊ नका," म्हणाले. "मालधक्क्यावर सावली हाय."

विनोदिनीला सगळं सांगितलं. जेवताना तिनं एक भाकर जास्त वाढली.

२६ मार्च

मालधक्क्यावर पहिला दिवस. कापसाच्या गाठी मोजायच्या. संध्याकाळी पॅसेंजर सुटली. गार्डच्या डब्यात माझ्या जागी आलेले भगवानराव उभे होते. त्यांनी मला हात केला. मीही केला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

मग गाठी पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.